धोक्याची भरपाई कोण करतो आणि कोणाच्या खिशातून

प्रश्न विचारणाऱ्याने तीन गोष्टी एकत्र मांडल्या आहेत. जोखमीच्या कामाला जास्त पगार मिळतो, सुरक्षेची साधने दिली की माणसे बेफिकीर होतात, आणि इतके करूनही अपघात झालाच तर कायद्याने नुकसानभरपाई मिळते, असे सर्वत्र सांगितले जाते. मग धोका खरोखर कमी होतो तो यांपैकी कशामुळे, आणि कामगारांनी धोका भत्ता मागावा की यंत्रात सुधारणा मागावी, असा त्यांचा प्रश्न आहे. यंत्रसुरक्षेची तपासणी आणि कामगारांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांची छाननी ही दोन्ही कामे मी दीर्घकाळ केली असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी माझे मत सांगतो, म्हणजे पुढचे तपशील कशासाठी आहेत ते लक्षात येईल. भरपाईने धोका आपोआप कमी होत नाही. भरपाईचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्याच्याच हातात धोका कमी करण्याचे साधन असेल, तरच ती भरपाई धोका कमी करते. एरवी धोका होता तिथेच राहतो आणि फक्त पैसे इकडून तिकडे जातात.

बेफिकिरीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा गैरवापर सर्वाधिक होतो. सुरक्षा वाढली की माणूस जास्त जोखीम घेतो, हे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्टझमन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील मोटारींच्या संदर्भात ठामपणे मांडले. सक्तीच्या सुरक्षा साधनांमुळे मोटारीतली माणसे वाचली, परंतु चालक अधिक धाडसाने गाडी हाकू लागल्यामुळे पादचाऱ्यांचे मृत्यू वाढले आणि एकूण फायदा जवळजवळ पुसला गेला, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या बहुतेक अभ्यासांत एवढी पूर्ण वजावट आढळलेली नाही, आणि सीट बेल्टमुळे जीव वाचतात याबद्दल आज गंभीर वाद उरलेला नाही. मात्र ही वजावट काही ठिकाणी ठळकपणे दिसते आणि काही ठिकाणी मुळीच दिसत नाही, आणि आपल्या कामाचे जे आहे ते या फरकातच आहे.

म्युनिकमधील टॅक्सींचा प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका ताफ्यातील काही टॅक्सींना अँटिलॉक ब्रेक बसवले गेले आणि उरलेल्या टॅक्सी पूर्वीसारख्याच ठेवल्या गेल्या. ब्रेक दाबल्यावर चाके न लॉक होणाऱ्या गाड्यांचे अपघात कमी व्हायला हवे होते, पण तसे झाले नाही. त्या गाड्यांचे चालक वळणे अधिक वेगाने घेऊ लागले, पुढच्या गाडीच्या अधिक जवळ जाऊ लागले आणि ब्रेक अधिक उशिरा व जोरात मारू लागले. पुढे त्या व्यवसायाने गाडीच्या दुरुस्तीच्या खर्चातला काही वाटा चालकांवर टाकला, तेव्हा अपघात घटले. याच्या उलट उदाहरण इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचे आहे. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एखाद्याच चाकाचा ब्रेक स्वतः लावून गाडी सरळ ठेवते, पण रोजच्या चालवण्यात ती चालकाला जाणवतच नाही. तिच्यामुळे एकट्या गाडीचे प्राणघातक अपघात फार मोठ्या प्रमाणात कमी झाले, आणि म्हणूनच अनेक देशांनी ती नव्या गाड्यांत सक्तीची केली. जी सुरक्षा हाताला आणि पायाला रोज जाणवते आणि जिचे रूपांतर वेगात करता येते, ती माणूस वेगात खर्च करतो. जी जाणवत नाही, ती शिल्लक राहते.

धोक्याची जाणीव वाढली तर काय होते, याचा पुरावा स्वीडनमध्ये मिळाला. ३ सप्टेंबर १९६७ रोजी त्या देशाने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणारी वाहतूक उजव्या बाजूला आणली. सर्वांना गोंधळाची भीती होती. प्रत्यक्षात अपघात घटले, कारण प्रत्येकजण जपून चालत होता. ती भीती ओसरली तसे आकडे साधारण दोन वर्षांत पूर्वीच्या पातळीला आले.

येथपर्यंत चर्चा चालकाची, म्हणजे स्टिअरिंग ज्याच्या हातात आहे त्याची झाली. कारखान्यात आणि खाणीत हा हिशेब बहुधा मालकाच्या कार्यालयात होतो आणि नाव मात्र कामगाराचे खराब होते. हंफ्री डेव्ही यांचा खाणदिवा हे याचे जुने उदाहरण आहे. इंग्लंडमधील फेलिंग खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट होऊन ९२ जण मेले, आणि त्यानंतर १८१५ मध्ये तारेच्या जाळीने ज्योत झाकणारा हा दिवा आला. दिवा खरोखर उपयुक्त होता. पण त्याच्या भरवशावर, पूर्वी वायूमुळे सोडून दिलेले थर पुन्हा खणले जाऊ लागले, खाणी अधिक खोल गेल्या, आणि १८३५ च्या संसदीय समितीसमोर असे आले की डरहॅम व नॉर्थंबरलँडमध्ये दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत त्याआधीच्या अठरा वर्षांपेक्षा अधिक खाणकामगार मृत्यू पावले होते. कोळशाचे उत्पादनही याच काळात वाढले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही कोणता थर खणायचा हा निर्णय खाणकामगाराचा नव्हता. दिव्याने दिलेली सुरक्षा ज्याने कोळशात बदलून घेतली तो खाणीत उतरत नव्हता.

हीच गोष्ट आजच्या यंत्रशाळेत जवळून पाहता येते. पॉवर प्रेसवर पत्र्याचे तुकडे ठोकणाऱ्या कामगारासाठी दोन हातांची बटणे असतात. दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली तरच रॅम, म्हणजे ठोका देणारा वरचा भाग, खाली येतो, त्यामुळे हात डायखाली, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, असण्याचा प्रश्नच येत नाही, अशी ती कल्पना. तपासणीला गेल्यावर एका बटणाला लाकडाची पाचर ठोकलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली आढळते. कामगार एका हाताने बटण दाबतो आणि दुसऱ्या हाताने पत्रा सरकवतो. अहवालात याला सर्रास "कामगाराचा निष्काळजीपणा" असे लिहिले जाते, आणि त्या दोन शब्दांनी प्रकरण बंद होते. पण त्याच कामगाराची मजुरी नगावर असते. प्रत्येक नगामागे दोन्ही हात बटणांवर नेण्यात एखादा सेकंद गेला, तर पाळीच्या शेवटी त्याचे शेकडो नग कमी पडतात. बटणांनी दिलेली सुरक्षा त्याच्या पगारातून कापली जात असते, आणि तो ती कपात पाचर ठोकून परत मिळवतो. त्याच्या जागी मी असतो तर वेगळे वागलो असतो, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

यावर उपाय सूचनाफलकाचा नाही. पहिला उपाय असा की प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणे सोडल्याशिवाय पुढचा ठोका मिळणारच नाही असे नियंत्रण बसवावे. मग पाचर निरुपयोगी ठरते. दुसरा आणि अधिक चांगला उपाय प्रकाशाच्या पडद्याचा, म्हणजे लाइट कर्टनचा आहे. हात त्या अदृश्य पडद्यातून आत गेला की प्रेस थांबतो, आणि हात बाहेर असताना कामाचा वेग मुळीच कमी होत नाही. तो पडदा डायपासून किती दूर लावायचा याचे गणित आहे. हात सेकंदाला २ मीटर वेगाने आत जातो असे धरतात. प्रेसला आणि नियंत्रणाला मिळून पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर बोट ओळखू शकणारा बारीक जाळीचा पडदासुद्धा निदान ४० सेंटिमीटर अलीकडे असावा लागतो. ब्रेक झिजून थांबण्याचा वेळ ०.३ सेकंद झाला की तेच अंतर ६० सेंटिमीटर होते. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजावाच लागतो, आणि माझ्या अनुभवात पडदा विकत घेणारे पुष्कळ भेटतात, पण तो वेळ मोजणारे फार थोडे. तिसरा उपाय यंत्राचा नसून हिशेबाचा आहे: जिथे हात डायजवळ जातो तिथे नगावर मजुरी ठेवू नये.

आता पगाराकडे येतो. धोक्याचे, अस्वच्छ किंवा अप्रिय काम करायला माणसे मिळावीत म्हणून मालकाला जास्त वेतन द्यावे लागते, हा विचार ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडला आणि तो आजही शिकवला जातो. त्यांनीच पुढे जे म्हटले ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. साहसाच्या धोक्याने तरुण घाबरत नाहीत, उलट ओढले जातात, म्हणून खलाशाच्या कामासारख्या ठिकाणी धोक्यामुळे वेतन वाढत नाही. प्रत्येकजण आपल्या नशिबावर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. प्रत्यक्षात दिसते तेही असेच आहे. समुद्राच्या तळाशी दाबाखाली राहून काम करणाऱ्या पाणबुड्यांना भरघोस पैसे मिळतात, पण त्यातला मोठा भाग दुर्मीळ कौशल्याचा असतो. शेती, मासेमारी, बांधकाम आणि कचरा उचलणे ही जगभरात अत्यंत धोक्याची कामे आहेत आणि त्यांचे वेतन बहुतेक ठिकाणी तळाशीच असते. जोखमीचा पगार मिळण्यासाठी कामगाराला धोका आधी माहीत असावा लागतो, त्याच्यापुढे दुसरे काम असावे लागते आणि नाही म्हणण्याची ऐपत असावी लागते. या तीन अटी एकाच माणसाच्या बाबतीत पूर्ण होणे दुर्मीळ आहे.

तरीही हा सिद्धांत न्यायालयाने एकदा जसाच्या तसा उचलला, आणि त्याचे परिणाम अनेक पिढ्यांनी भोगले. निकोलस फारवेल हे अमेरिकेतील बॉस्टन आणि वूस्टर रेल्वेवर इंजिनचालक होते. सांधा बदलणाऱ्या सहकाऱ्याच्या चुकीमुळे त्यांचे इंजिन रुळांवरून घसरले आणि त्यांचा उजवा हात गेला. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी त्यांचा दावा फेटाळला. फारवेल पूर्वी यंत्रकारागीर होते. इंजिनचालक म्हणून त्यांना दिवसाला २ डॉलर, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त वेतन मिळत होते. कामातले नेहमीचे धोके, ज्यांत सहकाऱ्याची चूकही आली, त्या वेतनात कायद्याच्या दृष्टीने धरलेलेच आहेत, असा शॉ यांचा तर्क होता. इंग्लंडमध्येही १८३७ च्या एका खटल्यात, खाटकाकडे काम करणाऱ्या नोकराचे मांडीचे हाड गाडी कोसळून मोडले असता, ज्युरीने दिलेली भरपाई वरच्या न्यायालयाने काढून घेतली होती. या दोन निकालांतून सहकाऱ्याच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही हा नियम रूढ झाला, आणि रेल्वे व गिरण्यांच्या भरभराटीचा संपूर्ण काळ तो टिकला. फारवेल यांच्या हाती सांधा नव्हता, सांधेवाला नेमण्याचा अधिकारही नव्हता. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर सर्व खर्च टाकण्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. सुरक्षेवर किती खर्च करणे योग्य, हे ठरवताना काही देशांतील सरकारे "सांख्यिकीय जिवाचे मूल्य" वापरतात, आणि ते पुष्कळदा याच जादा पगारांवरून काढतात. दहा हजार कामगारांमागे वर्षाला एक मृत्यू जास्त होईल अशा कामासाठी प्रत्येकाने जो जादा पगार घेतला, त्या सर्वांची बेरीज म्हणजे एका जिवाचे मूल्य. गणित सोपे आहे, पण नाइलाजाने कमी पैशांत काम करणाऱ्याचा जीव या गणितात आपोआप स्वस्त निघतो. म्हणून एका व्यवसायाचा असा आकडा दुसऱ्या व्यवसायाला लावण्याआधी मी दोनदा विचार करतो.

कायद्याने बाजू बदलली ती जर्मनीत, १८८४ च्या अपघात विमा कायद्याने. चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवून जखमी कामगाराला निवृत्तिवेतन देण्याची सोय झाली, आणि त्याचा पैसा मालकांनी आपापल्या व्यवसायाच्या संघांमार्फत भरायचा होता. या संघांनी व्यवसायांचे धोक्यानुसार वर्ग पाडले, जास्त धोक्याच्या वर्गाला जास्त वर्गणी लावली, आणि स्वतःचे निरीक्षक नेमून अपघात टाळण्याचे नियम केले. मला या कायद्याचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शेजारच्या गिरणीतल्या अपघाताचा खर्च आपल्याही वर्गणीत येतो हे कळल्यावर मालकच एकमेकांवर लक्ष ठेवू लागतात. पण फट येथेही होती. अपघातानंतरचे पहिले १३ आठवडे आजारपणाच्या विम्याकडे होते, आणि त्या विम्याच्या वर्गणीत दोन तृतीयांश वाटा कामगारांचा होता. बहुतेक दुखापती १३ आठवड्यांच्या आत बऱ्या होतात, हे सांगायला नको.

ब्रिटनने १८९७ मध्ये आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिनने १९११ मध्ये चूक कोणाची हे न विचारता भरपाई देणारे कायदे केले. अशा कायद्यांमागचा सौदा बहुतेक ठिकाणी ढोबळमानाने असा होता: कामगाराने मोठ्या रकमेसाठी खटला भरण्याचा हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात लहान पण खात्रीची रक्कम घ्यायची. न्यूयॉर्क राज्याचा असा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी रद्द केला, कारण चूक नसताना मालकाकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे होय, असे न्यायालयाला वाटले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ जण मेले. राज्यघटना दुरुस्त करून नवा कायदा आणायला त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे लागली.

खात्रीच्या भरपाईची ही व्यवस्था चांगली असली तरी तिला दोन रोग जडतात आणि ते दोन्ही मी दाव्यांच्या कागदांत पाहिले आहेत. विम्याचा हप्ता मागच्या दाव्यांवर ठरत असेल तर अपघात कमी करणे फायद्याचे होते, हे खरे. पण अपघात लपवणे त्याहून स्वस्त असते. प्रवेशद्वारावर "अपघाताविना इतके दिवस" असा फलक असतो, ठरावीक दिवस भरले की संपूर्ण विभागाला बक्षीस असते, आणि मग बोट चेंगरलेला कामगार सहकाऱ्यांचे बक्षीस बुडू नये म्हणून घरी पडल्याचे सांगतो. ज्या कारखान्यात किरकोळ दुखापतींची नोंद जवळजवळ शून्य आणि गंभीर अपघात मात्र नेहमीसारखे असतात, तिथे नोंदवहीवर विश्वास ठेवू नये. बक्षीस द्यायचेच असेल तर ते थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदींना द्यावे. दुसरा रोग कंत्राटाचा. सर्वांत धोक्याचे काम, म्हणजे टाकीत उतरणे, उंचावर रंग देणे, भट्टी साफ करणे, बाहेरच्या ठेकेदाराकडे दिले की मूळ कारखान्याची नोंदवही स्वच्छ राहते आणि हप्ताही वाढत नाही. ठेकेदाराला ना टाकीची रचना बदलता येते, ना तिच्यात काय साठवले होते हे नेहमी माहीत असते.

जबाबदारीला वरची मर्यादा घालणारे कायदेही याच कसोटीवर पाहावेत. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर जहाजाच्या मालकांनी १८५१ च्या अमेरिकन कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्यानुसार मालकाची जबाबदारी अपघातानंतर उरलेल्या मालमत्तेच्या किमतीइतकीच, आणि प्रवासाच्या भाड्याइतकी, धरता येत होती. उरल्या होत्या त्या मुख्यतः बचावनौका. सगळा हिशेब एक लाख डॉलरच्या आत बसत होता, आणि बुडालेल्यांची संख्या १५०० हून अधिक होती. शेवटी तडजोडीत सुमारे ६,६४,००० डॉलर दिले गेले. अमेरिकेने १९५७ मध्ये अणुवीज उद्योगालाही मर्यादित जबाबदारीचे कवच दिले, कारण त्याशिवाय कोणी पैसा गुंतवायला तयार नव्हते. याच्या अगदी उलट भूमिका भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात घेतली. घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, नैसर्गिक आपत्ती किंवा तिऱ्हाइताचे कृत्य अशा सबबी चालणार नाहीत, आणि भरपाईची रक्कम उद्योगाच्या आकाराशी व ऐपतीशी निगडित असावी म्हणजे तिचा धाक राहील, असे न्यायालयाने म्हटले. धाकाचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

धूळ आणि तंतू यांच्यापुढे मात्र हे सर्व कायदे थिटे पडतात. अपघाताला तारीख असते, आजाराला नसते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर अनेकदा २० ते ५० वर्षांनी दिसतो. तोपर्यंत कामगार निवृत्त झालेला असतो, कंपनी विकली गेलेली असते किंवा दिवाळखोरीत निघालेली असते. अमेरिकेतील जॉन्स-मॅनव्हिल या कंपनीने दाव्यांच्या ओझ्यामुळे १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ती चालती, नफ्यातली कंपनी होती. म्हणून आजाराच्या धोक्यात नंतर मिळणाऱ्या भरपाईवर विसंबू नये. हवेतले प्रमाण आज मोजून आज कमी करणे हाच त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

आता मूळ प्रश्नातील भत्त्याबद्दल. धोका भत्ता घेऊच नये असे मी म्हणणार नाही, कारण धोका आज अंगावर घेणाऱ्याला आज पैसे मिळणे न्याय्य आहे. पण कायमचा भत्ता ही दोन्ही बाजूंची सोय होऊन बसते: कामगाराच्या घरखर्चात ती रक्कम धरली जाते, मालकाला ती सुधारणेपेक्षा स्वस्त पडते, आणि पुढे आवाज किंवा धूळ कमी करण्याचा प्रस्ताव आला की भत्ता जाईल म्हणून विरोध कामगारच करतात. म्हणून करारात भत्ता मोजमापाशी बांधावा. उदाहरणार्थ, विभागातील आठ तासांचा सरासरी आवाज ८५ डेसिबलच्या वर असेल तोवर भत्ता मिळेल, तो दर सहा महिन्यांनी वाढत जाईल, आणि आवाज मर्यादेखाली आल्यावर शेवटची रक्कम मूळ पगारात मिळवली जाईल, असे लिहावे. म्हणजे सुधारणा झाल्याने कामगाराचे नुकसान होत नाही आणि उशीर झाल्याने मालकाचे होते. मोजमाप दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या व्यक्तीने करावे आणि त्याची प्रत कामगार प्रतिनिधींना मिळावी. भत्त्याचा खर्च मनुष्यबळ विभागाच्या खात्यावर न दाखवता त्या विभागाच्या उत्पादनखर्चात दाखवावा, कारण यंत्र बदलण्याचा प्रस्ताव ज्या विभागप्रमुखाच्या सहीने पुढे जातो त्याला हा आकडा दर महिन्याला दिसला पाहिजे. आणि त्याच जागी काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना तोच दर लागू करावा. ते कलम वगळले तर भत्ता वाचवण्यासाठी गोंगाटाचे काम ठेकेदाराकडे जाते, आणि आवाज तेवढाच राहतो.